स्प्रेडशीटमधील ओळबदल

स्प्रेडशीटच्या एकाच सेलमधील मजकूर ठरावीक ठिकाणी तोडून पुढचा भाग त्याच सेलमध्ये खालच्या ओळीवर आणण्यासाठी जे अदृश्य चिन्ह घातले जाते, त्याला ओळबदल किंवा लाइन ब्रेक असे म्हणतात. पत्ते, एकत्रित खातेदारांची नावे, शेरे आणि सूचना यांसारखा अनेक ओळींचा मजकूर सुवाच्य दिसावा म्हणून त्याचा उपयोग होतो. मायक्रोसॉफ्ट एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स या तिन्ही प्रचलित आज्ञावलींत ही सोय उपलब्ध आहे.

ओळबदल डोळ्यांना मोकळ्या जागेसारखा दिसत असला, तरी संगणकाच्या दृष्टीने ते मजकुरातील एक स्वतंत्र चिन्ह असते. त्यामुळे शोध, क्रमवारी, बेरीज आणि फाइलची देवाणघेवाण या सर्व क्रियांवर त्याचा परिणाम होतो. प्रस्तुत लेखात त्याचे स्वरूप, वापरण्याच्या व काढून टाकण्याच्या पद्धती आणि मराठी मजकुराच्या संदर्भातील विशेष बाबी दिल्या आहेत. उदाहरणे मुख्यतः वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील पत्ते आणि शेतीच्या नोंदी यांवर आधारलेली आहेत.

संज्ञा

मराठीत 'ओळ' हा शब्द मजकुराच्या ओळीसाठी आणि तक्त्यातील आडव्या ओळीसाठीही वापरला जातो. गोंधळ टाळण्यासाठी या लेखात तक्त्यातील आडव्या ओळीस 'रांग', उभ्या स्तंभास 'रकाना' आणि दोहोंच्या छेदावरील चौकटीस 'सेल' म्हटले आहे. 'ओळ' हा शब्द केवळ सेलच्या आतील मजकुराच्या ओळीसाठी योजला आहे.

सेलमधील मजकूर दोन भिन्न कारणांनी अनेक ओळींत दिसू शकतो.

पहिले कारण म्हणजे रॅप टेक्स्ट. ही सेलच्या मांडणीची सोय आहे. रकान्याची रुंदी अपुरी पडली की मजकूर आपोआप खालच्या ओळीवर जातो. रुंदी वाढवली की तो पुन्हा एका ओळीत येतो. मूळ मजकुरात काहीही बदल होत नाही.

दुसरे कारण म्हणजे ओळबदल. येथे वापरकर्त्याने स्वतः मजकुरात एक चिन्ह घातलेले असते. रकाना कितीही रुंद केला, तरी मजकूर त्याच ठिकाणी तुटतो. सेलमधील चिन्हांची एकूण संख्या एकाने वाढते.

रॅप टेक्स्ट हा दिसण्याचा भाग आहे आणि ओळबदल हा माहितीचा भाग आहे. ओळबदलाशी संबंधित बहुतेक अडचणी हा भेद लक्षात न घेतल्यामुळे उद्भवतात.

इतिहास

ओळबदलाच्या चिन्हाचा उगम टेलिप्रिंटर यंत्रात आहे. टंकलेखन यंत्रावर एक ओळ संपली की टंकलेखक डावीकडील दांडी ओढून कागद एक ओळ वर सरकवी आणि त्याच हालचालीत कागदाचा गाडा सुरुवातीच्या जागी आणी. टेलिप्रिंटरमध्ये या दोन हालचालींसाठी दोन वेगळे संकेत होते. छपाईची जागा ओळीच्या आरंभी आणणारा संकेत म्हणजे कॅरेज रिटर्न आणि कागद एक ओळ पुढे सरकवणारा संकेत म्हणजे लाइन फीड. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आस्की संकेतावलीत लाइन फीडला १० आणि कॅरेज रिटर्नला १३ हे क्रमांक मिळाले. पुढे युनिकोडनेही हेच क्रमांक कायम ठेवले.

संगणक प्रणालींनी मात्र या दोन संकेतांचा वापर वेगवेगळ्या रीतीने केला. युनिक्स व त्यापासून विकसित झालेल्या प्रणालींनी ओळीच्या शेवटी केवळ लाइन फीड स्वीकारले. डॉस व विंडोजने कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड ही जोडी कायम ठेवली. तर जुन्या मॅकिंटॉश प्रणालीने केवळ कॅरेज रिटर्न वापरले. एका प्रणालीतील मजकूर दुसरीकडे नेताना ओळी एकत्र होणे किंवा अनावश्यक रिकाम्या ओळी दिसणे, हे या भेदाचे परिणाम होत.

वैयक्तिक संगणकावरील पहिली प्रसिद्ध स्प्रेडशीट म्हणजे डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेली व्हिसिकॅल्क. ती १९७९ मध्ये ॲपल-२ संगणकासाठी बाजारात आली. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी मायक्रोसॉफ्ट एक्सेल आले. एक्सेलची विंडोज आवृत्ती १९८७ ची आहे. गूगलची ऑनलाइन स्प्रेडशीट २००६ मध्ये सुरू झाली, तर लिबरऑफिस हा प्रकल्प २०१० मध्ये ओपनऑफिस.ऑर्गपासून वेगळा झाला. स्प्रेडशीट मुळात आकडेमोडीसाठी निर्माण झाली. मात्र कालांतराने कार्यालये, शाळा व संस्था यांनी तिचा उपयोग याद्या, नोंदवह्या व पत्त्यांचे संग्रह ठेवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर सुरू केला. त्यामुळे सेलमधील मजकूर लांबत गेला आणि ओळबदलाची गरजही वाढली.

तांत्रिक स्वरूप

एक्सेलमध्ये सेलच्या आत ओळबदल म्हणून केवळ लाइन फीड, म्हणजे क्रमांक १० चे चिन्ह साठवले जाते. विंडोज प्रणालीवरही येथे कॅरेज रिटर्न वापरले जात नाही. मात्र अन्य आज्ञावलींतून किंवा संकेतस्थळांवरून आणलेल्या मजकुरात दोन्ही चिन्हे असू शकतात. अशा वेळी क्रमांक १० चे चिन्ह काढून टाकले, तरी क्रमांक १३ चे चिन्ह न दिसता मागे राहते आणि पुढील तुलनेत अडथळा आणते.

लिबरऑफिसच्या ओडीएस स्वरूपाच्या फाइलमध्ये सेलमधील प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद म्हणून नोंदवली जाते. दिसण्यात फरक नसला, तरी फाइलच्या आतील मांडणी एक्सेलपेक्षा भिन्न असते.

एक्सेलच्या एका सेलमध्ये कमाल ३२,७६७ चिन्हे व २५३ ओळबदल मावतात. रांगेची कमाल उंची ४०९ पॉइंट आहे. त्यामुळे सेलमध्ये मजकूर मावला, तरी तो सर्वच्या सर्व पडद्यावर किंवा कागदावर दिसेल असे नाही.

ओळबदल घालण्याच्या पद्धती

सेल संपादन अवस्थेत असताना, म्हणजे त्यावर दोनदा क्लिक करून किंवा एफ२ ही कळ दाबून कर्सर आत आणल्यानंतर, पुढील कळा वापरतात.

• मायक्रोसॉफ्ट एक्सेल, विंडोज: ऑल्ट व एंटर
• मायक्रोसॉफ्ट एक्सेल, मॅक: कंट्रोल, ऑप्शन व रिटर्न
• लिबरऑफिस कॅल्क: कंट्रोल व एंटर
• गूगल शीट्स, संगणकावरील ब्राउझर: ऑल्ट व एंटर किंवा कंट्रोल व एंटर

एक्सेलमध्ये कंट्रोल व एंटर या कळांचा अर्थ वेगळा आहे. अनेक सेल निवडलेले असताना त्या दाबल्यास एकच मजकूर सर्व निवडलेल्या सेलमध्ये भरला जातो. कॅल्कची सवय असलेल्या व्यक्तीने एक्सेलमध्ये काम करताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक असते.

एक्सेलमध्ये हाताने ओळबदल घातला की त्या सेलला रॅप टेक्स्ट ही मांडणी आपोआप लागू होते. ती नंतर काढून टाकल्यास मजकूर पुन्हा एका ओळीत दिसू लागतो. तथापि चिन्ह आत कायम असते.

अनेक ओळींचा मजकूर अन्य ठिकाणाहून चिकटवताना सेलची अवस्था महत्त्वाची ठरते. सेल केवळ निवडलेला असेल, तर साध्या मजकुराची प्रत्येक ओळ खालच्या स्वतंत्र रांगेत जाते. संपादन अवस्थेत किंवा वरच्या सूत्रपट्टीत कर्सर ठेवून चिकटवल्यास सर्व ओळी एकाच सेलमध्ये राहतात.

सूत्रांमधील उपयोग

सूत्रांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत टंकावी लागतात. 'कॅर' हे फंक्शन कॅरॅक्टर या शब्दाच्या पहिल्या चार रोमन अक्षरांनी लिहिले जाते. दिलेल्या क्रमांकाचे चिन्ह देणे हे त्याचे कार्य होय. म्हणून कॅर(१०) म्हणजे ओळबदल.

गाव, तालुका व जिल्हा हे तीन घटक अनुक्रमे ए२, बी२ व सी२ या सेलमध्ये असल्यास त्यांचा तीन ओळींचा पत्ता पुढील सूत्राने तयार होतो:

=ए२&कॅर(१०)&बी२&कॅर(१०)&सी२

टेक्स्टजॉइन या फंक्शनने हेच काम थोडक्यात होते:

=टेक्स्टजॉइन(कॅर(१०), ट्रू, ए२:सी२)

यातील 'ट्रू' या मूल्यामुळे रिकामे सेल वगळले जातात आणि पत्त्यात मधेच कोरी ओळ येत नाही. हे फंक्शन एक्सेल २०१९ व त्यापुढील आवृत्त्यांत, तसेच कॅल्क व गूगल शीट्समध्ये उपलब्ध आहे.

एक्सेलमध्ये सूत्राने निर्माण झालेल्या ओळबदलासाठी रॅप टेक्स्ट आपोआप सुरू होत नाही. ते वापरकर्त्याने स्वतः सुरू करावे लागते. सूत्र बरोबर असूनही पत्ता एकाच ओळीत सलग दिसत असल्यास बहुधा हेच कारण असते.

सेलमध्ये किती ओळी आहेत हे मोजण्यासाठी पुढील सूत्र वापरतात:

=लेन(ए२)-लेन(सबस्टिट्यूट(ए२, कॅर(१०), ""))+१

मूळ मजकुराची लांबी आणि ओळबदल वगळल्यानंतरची लांबी यांतील फरक म्हणजे ओळबदलांची संख्या. ओळी त्यापेक्षा एकने अधिक असतात. एखाद्या यादीच्या बाजूला हे सूत्र भरून घेतल्यास कोणत्या नोंदींत ओळबदल दडलेला आहे हे तत्काळ समजते.

शोधणे, काढणे व विभागणे

एक्सेलच्या 'शोधा व बदला' या खिडकीत शोधावयाच्या मजकुराच्या जागी कंट्रोल व जे या कळा दाबल्यास ओळबदलाचे चिन्ह भरले जाते. चौकट रिकामीच दिसते; परंतु चिन्ह आत असते. बदलाच्या जागी एक मोकळी जागा किंवा स्वल्पविराम व मोकळी जागा दिल्यास सर्व ओळबदल एकाच वेळी काढले जातात. कॅल्क व गूगल शीट्समध्ये शोधाचा रेग्युलर एक्स्प्रेशन हा पर्याय निवडून बॅकस्लॅश व त्यापुढे एन हे रोमन लघुअक्षर लिहितात.

सूत्रांनी हे काम करताना तीन फंक्शनमधील फरक माहीत असावा लागतो.

ट्रिम हे फंक्शन मजकुराच्या आधीच्या, नंतरच्या व मधल्या जादा मोकळ्या जागा काढते. एक्सेलमध्ये ते ओळबदलाला हात लावत नाही.

क्लीन हे फंक्शन आस्कीमधील ० ते ३१ या क्रमांकांची, न छापली जाणारी चिन्हे काढते. त्यात १० व १३ ही दोन्ही येतात. मात्र काढलेल्या चिन्हाच्या जागी ते काहीही ठेवत नाही. त्यामुळे 'परतवाडा' व 'ता. अचलपूर' या दोन ओळी 'परतवाडाता. अचलपूर' अशा चिकटतात.

सबस्टिट्यूट हे फंक्शन एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवते. म्हणून ओळबदलाच्या जागी मोकळी जागा आणण्यासाठी हेच योग्य ठरते. तिन्ही फंक्शनांचा क्रमाने उपयोग केल्यास मजकूर स्वच्छ होतो:

=ट्रिम(क्लीन(सबस्टिट्यूट(ए२, कॅर(१०), " ")))

एका सेलमधील ओळी वेगवेगळ्या रकान्यांत नेण्यासाठी एक्सेलच्या 'टेक्स्ट टू कॉलम्स' या सोयीत विभाजक म्हणून 'अदर' निवडून कंट्रोल व जे दाबतात. गूगल शीट्समध्ये स्प्लिट हे फंक्शन कॅर(१०) सह वापरता येते. ओळी रकान्यांत न नेता खाली स्वतंत्र रांगांत न्यावयाच्या असतील, तर एक्सेलमधील पॉवर क्वेरी या साधनात रकाना विभागताना रांगांचा पर्याय निवडतात. त्या वेळी शेजारील सर्व रकान्यांतील माहिती प्रत्येक नव्या रांगेत पुन्हा भरली जाते.

सीएसव्ही फाइल आणि ओळबदल

निरनिराळ्या आज्ञावलींमध्ये तक्त्यांची देवाणघेवाण करण्यासाठी सीएसव्ही हे साधे मजकूर-स्वरूप वापरले जाते. त्यात रकाने स्वल्पविरामाने आणि रांगा ओळबदलाने विभागल्या जातात. म्हणजेच सेलच्या आत जे चिन्ह केवळ मजकुराची ओळ तोडते, तेच चिन्ह या फाइलमध्ये रांगेचा शेवट दर्शवते.

हा संघर्ष टाळण्याचा नियम २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात नमूद आहे. ज्या सेलमध्ये ओळबदल, स्वल्पविराम किंवा दुहेरी अवतरणचिन्ह असेल, तो संपूर्ण मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा आणि मजकुरातील मूळ अवतरणचिन्ह दोनदा लिहावे, असा हा नियम आहे. त्यानुसार तीन ओळींच्या पत्त्याची एक नोंद पुढीलप्रमाणे दिसते:

१,"मु. परतवाडा
ता. अचलपूर
जि. अमरावती",४४४८०५

नियम पाळणारी आज्ञावली या तीन ओळींना एकच रांग समजते. परंतु फाइल ओळीओळीने वाचणारी एखादी साधी आज्ञावली किंवा आयातीची पद्धत तिला तीन रांगा मानते. पहिल्या रांगेत क्रमांक व अर्धा पत्ता राहतो, दुसऱ्या रांगेत केवळ तालुका येतो आणि पिनकोड तिसऱ्या रांगेत भलत्याच रकान्यात जातो. प्रत्येकी तीन ओळींचे पत्ते असलेल्या ५०० नोंदींची फाइल अशा रीतीने १,५०० ओळींची होते. क्रमांकाच्या रकान्यात संख्या नसलेल्या रांगा गाळल्यास नोंदींची संख्या पुन्हा ५०० भरते. पण पत्ते अपुरे आणि पिनकोड नाहीसे झालेले असतात. लाभार्थी, विद्यार्थी किंवा सभासद यांची यादी या मार्गाने पुढे गेल्यास नाव यादीत असूनही पत्र किंवा सूचना पोहोचत नाही. म्हणून आयातीनंतर केवळ रांगांची संख्या न पडताळता शेवटच्या रकान्यातील भरलेल्या सेलांची संख्याही पडताळणे इष्ट असते.

मराठी मजकुरासाठी आणखी एक दक्षता आवश्यक असते. एक्सेलमधील साध्या सीएसव्ही पर्यायाने जतन केल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात. त्यासाठी 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा लागतो.

देवनागरी मजकुरातील विशेष बाबी

रांगेची उंची. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार व ऋकार येतात. त्यामुळे एका ओळीस रोमन लिपीपेक्षा अधिक उभी जागा लागते. रांगेची उंची हाताने ठरवून दिलेली असल्यास पहिल्या ओळीतील मात्रा किंवा शेवटच्या ओळीतील उकार कापला जातो. रांगेची उंची आपोआप जुळवण्याची सोय अशा वेळी उपयोगी पडते. मात्र अनेक सेल एकत्र केलेले असल्यास एक्सेलमध्ये ही सोय काम करत नाही.

जोडाक्षराच्या मध्ये ओळबदल. पाय मोडलेले व्यंजन आणि पुढील व्यंजन यांच्या मध्ये ओळबदल पडल्यास जोडाक्षर फुटते. 'विद्यापीठ' या शब्दात 'विद्' एका ओळीत आणि 'यापीठ' दुसऱ्या ओळीत जातो. म्हणून ओळबदल शब्दांच्या मधेच घालावा.

वऱ्हाड या शब्दातील अदृश्य चिन्ह. मराठीतील अर्धा 'ऱ्' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला 'ऱ', हलन्त व पुढील व्यंजन येते. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह येऊन मग व्यंजन येते. दोन्ही प्रकारे 'वऱ्हाड' हा शब्द सारखाच दिसतो. पण लेन या फंक्शनने मोजल्यास पहिल्या प्रकारात ६ आणि दुसऱ्या प्रकारात ७ चिन्हे भरतात. क्लीन हे फंक्शन जॉइनर काढत नाही, आणि तो काढणे इष्टही नसते. ओळबदलांबरोबर 'सर्वच अदृश्य चिन्हे' काढण्याचा प्रयत्न केल्यास जॉइनरही जातो आणि वऱ्हाडातील अर्ध्या 'ऱ्'चा रफार होतो. त्यामुळे मराठी मजकुराची सफाई करताना कोणती चिन्हे काढावयाची हे क्रमांकानिशी ठरवणे आवश्यक असते. यादीभर एकच पद्धत असावी म्हणून दुसऱ्या प्रकारचे लेखन पहिल्या प्रकारात बदलून घेता येते.

जुने टंक. युनिकोडपूर्व काळातील क्रुतिदेवसारखे टंक रोमन चिन्हांच्या जागी देवनागरी आकृती दाखवतात. क्रुतिदेवमध्ये स्वल्पविरामाच्या जागी 'ए' आणि दुहेरी अवतरणचिन्हाच्या जागी अर्धा 'ष्' दिसतो. परिणामी 'एक' या शब्दात संगणकाला स्वल्पविराम आढळतो, तर 'कृषी' या शब्दात अवतरणचिन्ह आढळते. अकोल्यात १९६९ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचे नाव या टंकात लिहिले, तर त्या नावातच सीएसव्हीचे एक नियामक चिन्ह येते. त्यात सेलमधील ओळबदलांची भर पडल्यास अवतरणचिन्ह कोठे सुरू झाले व कोठे संपले हे साध्या आज्ञावलीला ओळखता येत नाही. अशा फाइलींतील मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून मगच सीएसव्ही तयार करणे सुरक्षित ठरते.

वऱ्हाडातील नोंदींची उदाहरणे

पत्ते

ग्रामीण पत्ता सामान्यतः मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा व पिनकोड अशा क्रमाने लिहिला जातो. पाकिटावर हे घटक एकाखाली एक येत असल्याने यादी तयार करतानाही ते एकाच सेलमध्ये ओळबदल घालून लिहिण्याकडे कल असतो.

असे पत्ते पुढे विभागण्याची वेळ आल्यास मोकळी जागा हा विभाजक म्हणून निरुपयोगी ठरतो. अमरावती जिल्ह्यातील १४ तालुक्यांपैकी अंजनगाव सुर्जी, चांदूर बाजार, चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे व नांदगाव खंडेश्वर या ५ तालुक्यांची नावे दोन शब्दांची आहेत. मोकळ्या जागेवर विभागणी केल्यास चांदूर बाजार व चांदूर रेल्वे या दोन्ही तालुक्यांतून केवळ 'चांदूर' उरते, तर 'रेल्वे' हा शब्द चांदूर व धामणगाव या दोहोंपासून सुटा होतो. ओळबदलावर विभागणी केल्यास मात्र नावे अखंड राहतात. सातत्याने घातलेला ओळबदल हा अशा रीतीने उत्तम विभाजक ठरू शकतो. सर्व पत्त्यांत ओळींचा क्रम आणि संख्या समान असणे एवढीच त्यासाठीची अट होय.

जिल्ह्याचा बदल

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे तालुके नव्या जिल्ह्यात गेले. तत्पूर्वीच्या यादीत या तालुक्यांपुढे 'जि. अकोला' असे लिहिलेले असणार. जिल्हा स्वतंत्र रकान्यात असेल, तर तालुक्याच्या रकान्यावर गाळणी लावून योग्य त्याच रांगांत बदल करता येतो. संपूर्ण पत्ता एकाच सेलमध्ये असल्यास 'अकोला' हा शब्द सरसकट बदलता येत नाही. कारण अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर व खुद्द अकोला हे ७ तालुके आजही अकोला जिल्ह्यातच आहेत. शिवाय केवळ तालुक्याचे नाव शोधूनही भागत नाही. मालेगाव नावाचा तालुका नाशिक जिल्ह्यातही आहे.

सातबारा व मिश्र पीक

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खालील नियमांनुसार ठेवल्या जाणाऱ्या गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा सातबारा म्हणून ओळखला जातो. नमुना सातमध्ये भोगवटादारांची नावे, क्षेत्र, आकार व इतर अधिकार यांची, तर नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. सामाईक खात्यात एकाच चौकटीत अनेक नावे एकाखाली एक येतात. कागदावरील उताऱ्यासाठी ही मांडणी सोयीची आहे. तीच मांडणी स्प्रेडशीटमध्ये जशीच्या तशी उतरवल्यास अडचण येते.

वऱ्हाडात कापूस व तूर किंवा सोयाबीन व तूर अशी आंतरपिके घेण्याची पद्धत रूढ आहे. समजा, एका गटात कापसाखाली १.२० हेक्टर व तुरीखाली ०.४० हेक्टर क्षेत्र आहे. पिकाच्या सेलमध्ये 'कापूस' व 'तूर' आणि क्षेत्राच्या सेलमध्ये '१.२०' व '०.४०' असे ओळबदल घालून लिहिले, तर वाचणाऱ्यास अर्थ स्पष्ट कळतो. स्प्रेडशीट मात्र क्षेत्राच्या त्या सेलला संख्या न मानता मजकूर मानते. रकान्याखाली सम या फंक्शनने बेरीज केल्यास तो सेल वगळला जातो आणि कोणतीही चूक दर्शवली जात नाही. गावाच्या एकूण पेऱ्यातून १.६० हेक्टर नाहीसे होते. अशी आंतरपिके असलेल्या जितक्या नोंदी, तितकी बेरीज कमी भरते.

यावरील उपाय म्हणजे प्रत्येक पिकास स्वतंत्र रांग देणे आणि गट क्रमांक दोन्ही रांगांत पुन्हा लिहिणे. वाचण्यास सोपा असा एकत्रित तक्ता हवा असल्यास तो टेक्स्टजॉइनच्या साहाय्याने वेगळ्या पानावर तयार करता येतो.

वापराचे निकष

संबंधात्मक माहितीसंचाची संकल्पना मांडणारे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये प्रतिपादन केलेल्या तत्त्वांतून पुढे 'प्रथम प्रसामान्य रूप' ही कल्पना रूढ झाली. प्रत्येक सेलमध्ये एकच, अविभाज्य मूल्य असावे, हा तिचा आशय आहे. स्प्रेडशीट हा नियम लादत नाही. परंतु जेथे माहितीची मोजणी, गाळणी किंवा बेरीज करावयाची असते, तेथे तो पाळणे हितावह ठरते.

ओळबदल पुढील ठिकाणी निःसंकोच वापरता येतो:

• रकान्यांची लांब शीर्षके, उदाहरणार्थ 'लागवडीखालील क्षेत्र' व त्याखाली 'हेक्टर-आर'
• शेरे, टिपा व सूचना
• पाकिटे व चिठ्ठ्या छापण्यासाठी सूत्राने तयार केलेले पत्ते
• केवळ छपाईसाठी असलेले अंतिम तक्ते

पुढील ठिकाणी तो टाळणे योग्य असते:

• ज्या रकान्यावर क्रमवारी, गाळणी किंवा जुळवणी करावयाची आहे असा रकाना
• संख्या, दिनांक, दूरध्वनी व खाते क्रमांक
• अन्य प्रणालीत आयात करावयाची यादी
• एकाहून अधिक व्यक्ती, पिके किंवा वस्तू यांची एकत्रित नोंद

जुळवणीच्या रकान्यात नावाच्या शेवटी एक जादा ओळबदल राहिला, तरी 'अचलपूर' आणि ओळबदलासह 'अचलपूर' ही दोन भिन्न मूल्ये ठरतात. व्हीलुकअपसारखे फंक्शन अशा वेळी नोंद सापडत नसल्याचे दर्शवते. पडद्यावर दोन्ही नावे सारखीच दिसत असल्याने चूक ध्यानात येत नाही. लेन या फंक्शनने लांबी मोजल्यास ती उघड होते.

सारांश, मूळ माहिती सुट्या घटकांत साठवणे आणि ओळबदल केवळ सादरीकरणाच्या टप्प्यावर सूत्राने घालणे ही पद्धत सर्वांत सुरक्षित मानता येते. सुट्या घटकांपासून अनेक ओळींचा पत्ता कधीही तयार करता येतो. अनियमितपणे ओळी तोडलेल्या पत्त्यांतून घटक वेगळे करणे मात्र हाताने तपासल्याशिवाय होत नाही.

हेही पहा

• स्प्रेडशीट
• मायक्रोसॉफ्ट एक्सेल
• लिबरऑफिस
• युनिकोड
• देवनागरी
• सातबारा उतारा
• वऱ्हाड